एकदाच विचारायचं

भोसरीच्या सोपानरावांची लेक शालन देहूरोडला द्यायची ठरली, तेव्हा व्याही दौलतराव बैठकीत म्हणाले, "दारूबंदी आहे, त्यामुळे ते काही मागत नाही. पण संध्याकाळच्या पानसुपारीला आमच्या डेपोतली माणसं येतील. त्यांच्या हातात थंडगार सोडा पडला पाहिजे."

सोपानराव हो म्हणाले खरे, पण माणसं किती येणार ते ऐकून मनातल्या मनात बाटल्यांचा हिशेब मांडू लागले. खिशात हात घालणं त्यांच्या जिवावर यायचं.

मग त्यांना युक्ती सुचली. सोडावाला फक्त गोटी फोडलेल्या बाटलीचे पैसे घ्यायचा, बाकीच्या बाटल्या मुकाट परत न्यायचा. आणि भला माणूस पहिल्यांदा नको म्हणतो, दुसऱ्यांदा मान हलवतो आणि तिसऱ्या आग्रहाला घेतो, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. त्यांनी चुलतभाऊ सोनबाला मांडवात बाजूला घेतलं.

"समद्यांना सोडा इचारायचा, पर एकदाच. न्हाई म्हनला की फुडं व्हायचं."

"आन् व्हय म्हनला तर?"

"म्हनत न्हाईत. खानदानी मानसं हाईत."

बायको गोजाबाईंनी ते ऐकलं. "लेक त्यांच्या घरात चाललीया, येवढं ध्यानात ठेवा," म्हणाल्या.

मे महिन्याची संध्याकाळ, अंगाची नुसती लाही होत होती. सोनबा ओळीने विचारत गेला. पाहुणे छातीवर हात ठेवून "राहू द्या" म्हणत, आणि तो खरंच पुढे जाई. ओल्या गोणपाटाखाली बाटल्या जशाच्या तशा. सोपानराव मनात खूश होते, तोच त्यांची नजर दौलतरावांकडे गेली. व्याही ओठांवरून जीभ फिरवत सोनबाच्या पाठीकडे बघत होते. समोरचा विडा तसाच पडून होता. "उठा," ते आपल्या बायकोला, सावित्रीबाईंना म्हणाले, "कळला पाहुणचार."

सोपानरावांना गोजाबाईंचं बोलणं आठवलं. उद्यापासून शालनला पाण्याचा तांब्या याच माणसांकडे मागायचा होता. त्यांनी स्वतः बाटली उचलली, आधी गोटी आत ढकलली आणि मगच पुढे केली. "फोडलीया आता. माझ्या गळ्याची शपथ हाय." दौलतरावांनी रीतसर दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा एका दमात बाटली रिकामी केली. मग मांडवभर फटाफट गोट्या फुटल्या. एकही भरली बाटली परत जाणार नव्हती, आणि सोपानरावांना त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

शेवटची बाटली सावित्रीबाईंनी त्यांच्यापुढे धरली. "घ्या, व्याहीबुवा."

त्यांच्या घशाला कोरड पडली होती, पण सवयीने तोंडून निघून गेलं, "ऱ्हाऊ द्या."

"बरं," म्हणत सावित्रीबाईंनी ती गोजाबाईंच्या हातात दिली. "सोनबाभाऊंनी सांगितलंय, इथे एकदाच विचारायचं."

मांडव हसला. सगळ्यांत जास्त हसली शालन, तेही सासूच्या खांद्याला धरून. ते पाहून तहानलेल्या सोपानरावांचा जीव भांड्यात पडला.