पुंकेसरावरची लव

उकळून मऊ केलेलं फूल तिने चिमट्याने काचेवर उलगडलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पुंकेसराच्या देठावर बारीक लव होती. तिने पुन्हा पाहिलं. होतीच.

नवऱ्याने हे झुडूप नवी जात ठरवलं होतं ते एवढ्याच आधारावर: आधी माहीत असलेल्या जातीचे पुंकेसर लवदार, याचे गुळगुळीत. लव असेल तर नवी जात नाही, आणि नवी जात नाही तर तिला दिलेलं नावही नाही. नाव होतं त्याच्या विद्यार्थिनीचं. झुडूप तिला सापडलं होतं.

लग्नापासून त्याच्या प्रत्येक वनस्पतीचं चित्र बायकोनेच काढलं होतं. एकदा थट्टेथट्टेत तिने विचारलंही होतं, माझं नाव कधी देणार म्हणून.

"घरच्या माणसाचं नाव बरं दिसत नाही गं," तो म्हणाला होता.

तिने पेन्सिलीला टोक काढलं आणि एकेक केस निगुतीने रेखाटला. हात इतका हलका कित्येक दिवसांत चालला नव्हता. मग तिने शेजारच्या खोलीकडे हाक मारली. त्याला नाही, विद्यार्थिनीला.

"ये गं, बघ जरा. म्हटलं, सरांच्या आधी तुला दाखवावं."

मुलीने चित्र पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. बराच वेळ ती भिंगातून पाहत राहिली.

"काकू, सुई देता?"

सुईच्या टोकाने तिने एक केस हळूच उचलला. तो अख्खा निघून आला. दुसराही. खाली देठ लख्ख गुळगुळीत.

"टिपकागदाचे तंतू आहेत," ती खालच्या आवाजात म्हणाली. "फूल वाळवायला दाबताना चिकटले असतील."

असे तंतू ओळखायला तिला काकूंनीच शिकवलं होतं.

नवरा दारात डोकावला. "काय खलबतं चाललीत? काही अडलं का?"

मुलीने कोपर अलगद चित्रावर टेकवलं. "नाही सर. काकू मला पुंकेसर दाखवताहेत."

तो गेला. मुलीने त्याला आपली चूक सांगून टाकली असती तर बरं झालं असतं, काकूंना वाटलं. चिडता तरी आलं असतं.

"कोपर काढ. चित्र फिसकटेल."

मुलगी उठू लागली.

"बस," खोडरबर शोधत ती म्हणाली. "दुसरं फूल उलगड. या वेळी तू बघून सांग, मी काढते."