वाढत्या अंगाचा प्रोसेसर

हसनाबादचे त्रिंबकराव, त्यांचे पुत्र रामराव, रामरावांचे ओमप्रकाश. आणि ओमप्रकाशांचा थोरला तो हरिओम. सदरा असो वा चप्पल, वस्तू घ्यायची ती वाढत्या अंगाचीच, हा या घराण्याचा शिरस्ता. त्रिंबकराव तर बोहल्यावरही बाह्या दुमडूनच उभे राहिले होते.

दिवाळीच्या तोंडावर हरिओमसाठी पहिला गेमिंग संगणक घ्यायला मंडळी जालन्याला आली. सोबत धाकटी छकुली होती, आणि ती वसुलीला आली होती. घरात खेळायला फोन एकच, डाव आळीपाळीने. दहावीच्या सुट्टीत हरिओमने तिचेही डाव उसने घेतले, ते घेतलेच. संगणक येईल त्याच दिवसापासून फेडीन, अशी आजीच्या गळ्याची शपथ त्याने वाहिली होती.

दुकानदार संघपालने दोन प्रोसेसर समोर ठेवले.

"मोठा घे," ओमप्रकाश म्हणाले. "वाढत्या अंगाचा. धा वर्सं बघायचं काम न्हाई."

हरिओमचे मनही मोठ्यावरच जडले होते. त्याचे नुसते नाव ऐकून मित्रांची तोंडे कशी मिटतील, हे त्याला आताच दिसू लागले होते.

"काका, मोठा जबरदस्तच हाय," संघपाल म्हणाला, "पण पडद्यावर चित्र उमटवायची सोय त्याच्यात न्हाई. त्याला ग्राफिक्स कार्ड वेगळं लागतं. हा धाकटा दोन्ही कामं करतो. तुम्ही सांगितलं तेवढ्या पैशात मोठा बसवला, तर कार्ड पुढच्या दिवाळीला."

"मंग तवर?"

"तवर पंखे फिरतील, रंगीत दिवे लागतील. चित्र न्हाई."

"म्हंजे आकाशकंदीलच की!" छकुली उसळली. "दादा, शपथ घेतल्ती तू. आजीला सांगू का, आता वरीसभर जीव मुठीत धरून बस म्हणून?"

हरिओमने मोठ्याचे खोके हातात घेतले, उलटून पाहिले, पुन्हा पाहिले. खोके खाली ठेवताना त्याला खरोखरच जड गेले.

"पुढं मोठा टाकायचा म्हणलं तर?" त्याने विचारले.

"मदरबोर्ड आताच चांगला घे. मंग त्याच्यावरच मोठा बसंल, बिलकुल."

"अप्पा, बोर्ड वाढत्या अंगाचा घेऊ," हरिओम म्हणाला. "प्रोसेसर मापाचा."

मापाचे घेणे या घरात प्रथमच घडत होते. ओमप्रकाशांनी मिशीवरून हात फिरवला. "बराबर हाय तुझं. पण गावात सांगत फिरू नको."

त्याच संध्याकाळी पडदा उजळला. छकुली खुर्चीत बसली आणि हरिओम शेजारी स्टुलावर. सबंध सुट्टी हीच बैठक राहिली. मित्र पाहायला आले, विचारू लागले, "का रे, तू खेळून न्हाई राह्यला?"

"माझा डाव न्हाई," तो म्हणे, आणि मान ताठ ठेवून म्हणे.

शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी छकुलीने एक शर्यत जिंकली, मनसोक्त ओरडून घेतले आणि खुर्ची मागे सरकवली.

"फिटले दादा, सगळे फिटले. एक बी डाव बाकी न्हाई. ये, बस."