खांडेनवमीला उघडलेले पुस्तक

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे. माझ्यात गोष्टी नाहीत की कविता नाहीत. मोटारसायकल कशी दुरुस्त करावी एवढेच लिहिले आहे, आणि तेही इंग्रजीत. त्यामुळे सोनाळा गावात मला मान उदंड, वाचक मात्र एकही नाही.

तरुणपणी मी पलटणीत होतो. शिपाई तेलकट बोटांनी माझी पाने उलटायचे, समासात पेन्सिलीने आकडे खरडायचे. मी मळलो, पण सुखात होतो. लढाई संपली तशी माझ्या जोडीची मोटारसायकल लिलावात गेली आणि मी रद्दीत.

ती गाडी सोनाळ्याच्या हिंमतरावांनी घेतली. माझ्यासाठी त्यांनी दोन वर्षे खामगाव, अकोला, पार नागपूरपर्यंतची गॅरेजे पालथी घातली. शेवटी अकोल्याच्या एका रद्दीवाल्याकडे मी सापडलो. तो माझ्या पुड्या बांधायच्या बेतात होता. हिंमतरावांनी मला हरखून घरी आणले, चित्रे पाहिली, पण अक्षर काही लागेना. मग त्यांच्या आईने, जनकाबाईंनी, मला देवघरात ठेवले. दर खांडेनवमीला पान्यांसोबत माझी पूजा व्हायची. हळदीचे पाणी आणि अक्षता अंगावर पडायच्या. आठ वर्षांत मला कोणी उघडले नाही.

चौसष्ट सालची खांडेनवमी मी विसरणार नाही. आदल्या दिवशी हिंमतरावांनी पूजेसाठी फटफटी लख्ख केली. त्या भरात ठिणगी पाडणारे पॉइंटही काढून घासले आणि अंदाजाने परत बसवले. नवमीच्या दुपारी पहाडाच्या पायथ्याच्या खेड्यातून एक जण सायकल दामटत आला. हिंमतरावांची बहीण अन्नपूर्णा तिथे सासरी होती. ती पहाटेपासून अडली होती, मूल आडवे आले होते. दवाखान्यातल्या नर्स कौशल्याबाई पिशवी घेऊन लगेच आल्या. बैलगाडीने संध्याकाळ झाली असती, फटफटीने तासाभराचे काम होते.

हिंमतरावांनी किक मारमार मारली, पण ठिणगीच पडेना.

कौशल्याबाईंना इंग्रजी येत होते. त्या म्हणाल्या, पुस्तक काढा. पण जनकाबाई देवघरातल्या पूजेच्या पाटासमोर आडव्या उभ्या राहिल्या. पाटावर पूजेत मांडलेली वस्तू दसऱ्याआधी हलवायची नाही, हा घरचा नेम होता.

"पूजा मोडली आन् माह्या पोरीवरच कोप झाला त?"

हिंमतराव खाली मान घालून उभे होते. मी पाटावर तळमळत होतो, पण मला तोंड कुठे होते? कौशल्याबाई हळूच म्हणाल्या, की उद्यापर्यंत थांबायला त्या पोरीला वेळ नाही. जनकाबाईंनी डोळे मिटले. मग स्वतःच्या हाताने माझ्यावरच्या अक्षता झाडल्या आणि मला मुलासमोर धरले.

"घे. जे व्हायचं ते माह्यावर होऊ दे."

मित्रांनो, मी उघडलो, पण नेमके पॉइंटांचे पान उघडेना. आठ वर्षांच्या हळदीच्या पाण्याने पाने एकमेकांना घट्ट धरून बसली होती. ओढले असते तर त्यावरचा हवा तो आकडाच फाटला असता. कौशल्याबाई सुईच्या टोकाने बोटबोट जागा सोडवत होत्या. सायकलवाला सारखा रस्त्याकडे बघत होता. अर्धा तास गेला तेव्हा कुठे पान सुटले. पॉइंटांमध्ये किती फट हवी तो आकडा त्यांनी वाचला, हिंमतरावांनी फट मोजायच्या पत्तीने मोजून पॉइंट बसवले, आणि गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली.

दसऱ्याच्या सकाळी हिंमतराव आणि कौशल्याबाई परतले. अन्नपूर्णा वाचली होती, मूल मात्र गेले होते.

जनकाबाई मटकन खाली बसल्या. पूजा मोडली म्हणून झाले, एवढेच पुटपुटत राहिल्या. कौशल्याबाई त्यांच्याजवळ टेकल्या.

"कोप नाही झाला, जनकाबाई. आपल्याले उशीर झाला. अर्धा घंटा आधी पोचलो असतो त लेकरू हाती लागलं असतं."

तो अर्धा तास कुठे गेला, हे मला ठाऊक होते. थोड्या वेळाने जनकाबाईंनाही कळले. उन्हात पोते अंथरून त्यांनी मला मांडीवर घेतले आणि सुईने एकेक पान सोडवायला लागल्या. त्यांना एक अक्षर वाचता येत नव्हते. दिवस कलेपर्यंत त्यांनी माझे शेवटचे पान मोकळे केले.

मित्रांनो, पुस्तकाला खुशाल नमस्कार करा. पण त्याआधी ते उघडून बघा.