मेघाचं आवतण

दुपारी आमच्या ‘विसावा’त सगळ्यांचे आवाज आपोआप खाली येतात. निर्गुडीचं तेल कोमट झालेलं असतं, वाफेच्या खोलीची काच पांढरी झालेली असते, आणि टेबलावर पालथी पडलेली बाई सासूची तक्रार सांगता सांगता मधेच गप्प होते. मग मला कळतं, झोपली ही. त्या वेळी माझ्या हाताखाली फक्त एक पाठ असते आणि खिडकीतून हर्सूल तलावाकडचं वारं येत असतं. स्पा म्हणजे लोकांना काय काय वाटतं, पण आमचा स्पा म्हणजे एवढंच आहे. मला तो वेळ लई आवडतो. आणि नेमका त्याच वेळी फोन वाजायचा.

मी काही गोड बोलणारी बाई नाही, ते आधीच सांगून टाकते. तेलाच्या हातानं फोन उचलायचा म्हणजे माझं डोकं सणकायचं. मी लोकांना वेळ द्यायचे म्हणजे जवळजवळ भांडायचेच. “चारला या, नायतर राहू द्या.” माझी भागीदार तनुजा कपाळाला हात लावायची. “रूपाली, बाया तुझ्या हातासाठी येतात आणि तुझ्या तोंडाला घाबरून पळतात,” म्हणायची. शेवटी तिनं तिच्या भावाला गाठलं. अतुल शेंद्र्याला एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम बघतो. एका रविवारी तो आला, काउंटरवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी एक टॅब्लेट ठेवला आणि म्हणाला, आजपासून फोन ही घेणार. एआय एजंट. मराठीत बोलणार, वेळ देणार, वेळ बदलणार, कुणी आलं नाही तर फोन करून विचारणार, मिसकॉल आला तर परत लावणार. तनुजानं तिचं नाव मेघा ठेवलं.

“हिला राग येतो का?” मी विचारलं.

“नाही,” अतुल म्हणाला.

“मग ठेव.”

खरं सांगते, दोन-चार दिवस स्वर्ग होता. फोन वाजायचा नाही. काउंटरवरून मेघाचा आवाज यायचा, दुसऱ्या खोलीत कुणीतरी पुटपुटतंय इतकाच. मी डोळे मिटून लोकांच्या पाठी मळत होते आणि मला आपण पाण्याखाली चालतोय असं वाटत होतं. मग एका दुपारी, एका मास्तरीणबाईंचे खांदे दाबताना, माझा हात जागच्या जागी थांबला. आईचा मिसकॉल कुठाय?

माझी आई बानाबाई पिशोरकडं मेंढरं राखते. तिच्या आईनं तेच केलं, तिच्या सासूनं तेच केलं. मी शहरात येऊन मालिश शिकले आणि स्पा काढला, तेव्हा ती म्हणाली, “परक्याचे पाय चेपायला तुला वाढवली का मी?” मी गप्प बसले असते तर मी कसली. मी म्हणाले, “तू मेंढरांचे खूर चेपतीस ते चालतं व्हय?” त्यावर तिनं घोंगडं खांद्यावर टाकलं आणि मेंढरांमागं निघून गेली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. फक्त रोज दुपारी, मेंढरं सावलीला बसली की, तिचा एक मिसकॉल यायचा. एकच रिंग. म्हणजे मी हाय, बरी हाय. मी परत लावायचे नाही. पण ती रिंग आली की मला जेवण जायचं.

आणि तिच्याकडं असलेला माझा नंबर म्हणजे बाहेरच्या बोर्डावरचा नंबर. तो आम्ही मेघाला देऊन टाकला होता. माझ्या हातात आता नवा फोन होता आणि त्याचा नंबर आईला कुणी दिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अगरबत्ती लावत होते. मेघा रोजच्यासारखी दिवसभराच्या वेळा वाचून दाखवत होती. अमक्या बाईंची पाठ, तमक्या बाईंची वाफ. मग म्हणाली, “दुपारी चार वाजता, बानाबाई, पिशोर. पायांची मालिश.”

माझ्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली.

लगेच फोन लावावा असं मनात आलं. पण माझा स्वभाव कुठं जातो. म्हटलं, तिनं वेळ घेतलीय ना, येऊ दे की. चारच्या आधी मी कोपऱ्यातली खोली झाडली, परातीत कोमट पाणी भरलं, मीठ टाकलं, चांगला टॉवेल काढला. चार वाजून गेले. पाणी गार झालं. कुणी आलं नाही. मला इतकं वाईट वाटलं की मी टॉवेलची घडी घालून परत उलगडली, परत घातली.

पुढच्या दिवशी मेघा परत म्हणाली, “चार वाजता, बानाबाई, पिशोर.” आणि आई परत आली नाही. असं होत राहिलं. तनुजा वैतागली.

“बाहेर बाया ताटकळतात आणि आपण ही खोली रिकामी ठेवतो. सारखं न येणाऱ्यांना मेघा वेळ देत नाही, अतुलनं तसा नियमच घातलाय. मग ह्यांना कशी देते?”

“मी काढून टाकला नियम. ह्या एका बाईपुरता.”

“कोण आहे ही?”

“आई,” मी म्हणाले.

तनुजानं हातातला टॉवेल खाली ठेवला. मग म्हणाली, “बाई, फोन का नाही करत तू?”

“मी का करू? येणार म्हणते आणि येत नाय. माझी थट्टा करतीय ती.”

“ती थट्टा करते की काय करते, ऐक तरी. मेघाचं सगळं बोलणं साठवलेलं असतं.” तिनं टॅब्लेट काढून माझ्या हातात दिला आणि मला कोपऱ्यातल्या खोलीत ढकललं. बाहेरून दार लोटून घेतलं.

चार वाजत आले होते. परातीतून वाफ निघत होती. मी टेबलावर बसले आणि बटण दाबलं. पहिले दोन-तीन फोन आईनं उचललेच नव्हते, मग हा.

“नमस्कार, ‘विसावा’मधून मेघा बोलतेय. मी कॉम्प्युटरवरची मदतनीस आहे. तुमचा मिसकॉल आला होता. तुम्हाला वेळ हवी आहे का?”

आधी नुसत्या घंटा ऐकू आल्या. मेंढरांच्या गळ्यातल्या. मग आईचा श्वास. मग आई.

“रूपाचंच दुकान ना ह्ये?”

“हो. रूपालीताई इथेच असतात.”

“मंग तिनं सांगितलं व्हय तुला, मला बोलवाय?”

“तुम्ही आलात तर आम्हाला आनंद होईल. उद्या दुपारी चार वाजता याल का?”

परत घंटा. आई नाक ओढत होती. “ईन की,” ती म्हणाली. “आवतण आल्यावर नाय कोन म्हनतंय.”

मी तिथंच थांबवलं. आमच्यात आई लेकीच्या दारी न बोलवता पाय ठेवत नाही. भूक लागली, जीव तुटला, तरी नाही. कुणीतरी यावं लागतं, नाव घेऊन म्हणावं लागतं, चला, बोलवलंय. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं आणि इतके दिवस माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मी तिच्या येण्याची वाट बघत बसले होते आणि ती माझ्या बोलावण्याची. आणि बोलावलं कुणी, तर ह्या काचेच्या पाटीनं. माझी मला लाज वाटली.

पुढचं बोलणं ऐकलं. मेंढी व्याली म्हणून नाही जमलं. गावातल्या खंडेरावाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची होती म्हणून नाही जमलं. दर वेळी मेघा म्हणायची, काही हरकत नाही, उद्या याल का. एकदा आई हसली. “तू बी लई चिकट हायेस गं पोरी. इतकं तर माझ्या लेकीनं बी कधी बोलवलं नाय.” तिचं हसणं ऐकून किती काळ झाला होता मला.

शेवटचा फोन आदल्या दिवशीचा होता. आईचा आवाज बारीक झाला होता. “पोरी, खरं सांग. ती रागावलीय का अजून? म्हनून भ्या वाटतं बघ यायला.”

“ते मला माहीत नाही,” मेघा म्हणाली. “पण तुमची वेळ रोज राखून ठेवलेली असते.”

मग नुसत्या घंटा वाजत राहिल्या. मी टॅब्लेट छातीवर ठेवला आणि टेबलावर आडवी झाले. तेलाचा वास, वाफ, घंटा. माझे डोळे कधी मिटले कळलं नाही. त्या झोपेत मेंढरं आत आली. दारातून एकामागं एक, काउंटरला वळसा घालून, झोपलेल्या बायांच्या टेबलांखालून. कुणी जागं झालं नाही. सगळी परातीतलं पाणी पिऊन खिडकीतून तलावाकडं निघाली होती, आणि मी त्यांच्यात एक लुगडं शोधत होते. लोकरीचा वास इतका खरा होता की मी दचकून उठले.

लोकरीचा वास खराच होता. आई पायाशी उभी होती. खांद्यावर घोंगडं, कडेला पिशवी. तनुजा तिच्यामागं, रडवेली; माझ्याजवळचा टॅब्लेट उचलून, मला खूण करून ती काउंटरकडं निघून गेली.

“निजली व्हतीस,” आई म्हणाली. “उठवू नको म्हनलं मी तिला.”

मी तिला खुर्चीत बसवलं आणि तिचे पाय पाण्यात घेतले. भेगांमध्ये माती बसलेली, एका अंगठ्याचं नख काळं. मी कितीतरी परक्यांचे पाय धुतले होते, हे पाय पहिल्यांदाच. आईनं डोळे मिटले. तिचा चेहरा सैल झाला, बायांचा होतो तसा. मग ती डोळे न उघडताच म्हणाली, “ती पोरगी कुठाय? मेघा? तिला खण आनलाय मी. लई मायेनं बोलवलं तिनं. तूच सांगितलं व्हतंस ना तिला?”

व्हय म्हणाले असते तर भागलं असतं. एका शब्दाचं काम होतं. आई सुखानं झोपली असती. पण ती इतक्या लांबून, इतकं भिऊन आली होती, आणि मला तिच्याशी खोटं बोलवेना.

“नाय आई,” मी म्हणाले. “मी नाय सांगितलं. ती माणूस नाय, मशीन हाय. कुणाचाबी मिसकॉल आला की ती परत लावती आणि या म्हणती. सगळ्यांनाच म्हणती.”

आईचा पाय माझ्या हातात ताठ झाला.

“म्हंजी तू बोलवलंच नाय.”

“नाय.”

तिनं एक पाय बाहेर काढला, मग दुसरा. टॉवेल घेतला नाही. घोंगडं, पिशवी उचलली आणि ओल्या पायांनी चालायला लागली. झोपलेल्या बायांच्या मधून, काउंटरवरून, तनुजाच्या समोरून, बाहेर. मला वाटलं, गेली. आता मिसकॉलही येणार नाही.

मी धावत दारापर्यंत गेले. आई पायरी उतरून लिंबाखाली उभी होती. रस्त्याकडं पाठ, दाराकडं तोंड. गेली नव्हती. नुसती उभी होती, वाट बघत.

तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन वाजला. ती आल्याची मेघाकडं नोंद करायची मी आणि तनुजा गडबडीत विसरलो होतो.

“नमस्कार बानाबाई,” मेघाचा आवाज मला पायरीवर ऐकू आला. “आज तुमची चारची वेळ होती. तुम्ही आलेल्या दिसत नाही. उद्याची वेळ देऊ का?”

“नगं पोरी,” आई फोनमध्ये म्हणाली, पण बघत माझ्याकडं होती. “दारातच हाय मी. कुनी बोलवतंय का बघते.”

जन्मभर माझ्या तोंडाला शब्द कमी पडले नव्हते. त्या दिवशी पडले. मी पायरी उतरले, तिच्यापुढं उभी राहिले आणि तेलकट हातांनी तिचा हात धरला.

“चला,” मी म्हणाले. “बोलवलंय.”

“कुनी?”

“तुझ्या लेकीनं. रूपानं. मी बोलवलंय, आई.”

तिनं माझ्याकडं नीट बघून घेतलं. मग पिशवीतून खण काढून माझ्या खांद्यावर ठेवला आणि माझ्याआधी पायरी चढली. आत आल्यावर मी आधी काउंटरपाशी गेले आणि मेघाला सांगितलं, बानाबाई आल्या.