बोरकुटे, १९५३

डॉक्टर गुणवंतराव बोरकुटे यांना चांद्यात फारसं कुणी ओळखत नसे, पण कलकत्त्यात आणि लंडनात ओळखत. १९५३ साली त्यांचा हिवतापावरचा निबंध छापून आला होता. लहान मुलांना आठवड्याला अर्धी गोळी पुरते, असं त्यात म्हटलं होतं. मोहटोला नावाच्या जंगलातल्या गावात त्यांनी वर्षभर अर्धी गोळी वाटायला लावली, शेवटी जाऊन पोर न् पोर तपासलं, आणि एकाच्याही अंगात ताप सापडला नाही. तेव्हा गोळ्यांचा तुटवडा होता. अर्ध्यात भागतं म्हणणारा माणूस कुणाला नको असतो?

मग जो तो आपल्या निबंधाच्या तळटीपेत 'बोरकुटे, १९५३' लिहू लागला. एकानं लिहिलं म्हणून दुसऱ्यानं, दुसऱ्यानं लिहिलं म्हणून तिसऱ्यानं. मोहटोल्याला जाऊन बघायची तसदी कोण घेतो! निबंधाची प्रत मागणारी परदेशी पोस्टकार्डं येत. गुणवंतराव ती तारेत ओवून बैठकीत टांगत, तिकिटांची बाजू पाहुण्यांकडे करून. माणूस वाईट नव्हता, पण हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्याला खालचं कुठे दिसतं? नागपूरच्या एका कॉलेजात प्राध्यापकाची जागा निघाली होती. आणखी एक निबंध झाला की ती त्यांचीच, असं सगळे म्हणत. म्हणून चार वर्षांनी ते पुन्हा मोहटोल्याला गेले.

शिवेवर कडुनिंबाच्या पाल्याचं तोरण बांधलं होतं. मागच्या वेळीही होतं. ते आपल्या स्वागताचं, असं गुणवंतरावांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. गावचा म्होरक्या वारलू यानं पोरं रांगेत उभी केली. गुणवंतरावांनी एकेकाच्या पोटावर हात ठेवून पानथरी, म्हणजे हिवतापात सुजणारी प्लीहा, वाढली आहे का पाहिलं. सगळी ठणठणीत.

"सगळी आली ना रे?"

"गावात हायेत तेवडी सारी आली, सायेब."

"गावात आहेत तेवढी म्हणजे?"

वारलूनं शिवेपलीकडे हात केला. शेतातल्या झोपड्यांतून धूर निघत होता. "आज गावबांधनी हाय ना. शिवेवर तोरन लावून गाव बांधलं का बिमार मानूस आत ठेवत नाई. रोग भाईर, गाव आत."

गुणवंतराव त्या धुराकडे वळले. "आणि मागं मी आलो होतो तेव्हा?"

"तवाबी बांधनीच होती."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी पुसलं नाई. आन् पाहुन्याले काऊन बिमारी दाखवाची?"

पहिल्याच झोपडीत सोमारी नावाची बाई तापानं फणफणलेली पोर मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टरांना पाहून ती घाबरली. आपलंच काही चुकलं, असं तिला वाटलं.

"अर्धीच देतो सायेब, दर बजाराच्या दिवशी. तुमी सांगतली तशीच. मोठ्या पोरालेबी अर्धीच देल्ली होती. तुमी मागं आले तवा तो इथीच निजून होता."

"तो कुठे आहे आता?"

सोमारीनं मोहाच्या झाडांकडे पाहिलं. तिथे मातीचा एक छोटा उंचवटा होता.

गुणवंतरावांनी पोरीला पूर्ण औषध दिलं, पण फार उशीर झाला होता. सकाळी मोहाखाली दुसरा खड्डा खणला गेला. तेव्हा ते लाजेनं वारलूच्या मागे उभे राहिले.

घरी आल्यावर त्यांनी पोस्टकार्डांची तार चुलीत घातली आणि निबंध छापणाऱ्या मासिकाला लिहून कळवलं, की माझा निष्कर्ष चूक आहे, आजारी मुलं मी पाहिलीच नव्हती. मासिकानं ते कित्येक महिन्यांनी छापलं, शेवटच्या पानावर, टॉनिकच्या जाहिरातीखाली. प्राध्यापकाची जागा हुकली, त्याचं त्यांना विशेष वाटलं नाही. पण त्या दुरुस्तीची प्रत मागणारं एकही पोस्टकार्ड आलं नाही, हे मात्र जिव्हारी लागलं. जुन्या निबंधासाठी ती येतच राहिली.

पुढे एकदा ते चामोर्शीच्या बाजारात गेले. तिथे एक नवा सरकारी डॉक्टर टेबल मांडून पोरांना गोळ्या देत होता. अर्ध्या मोडून.

"अहो, पूर्ण द्या!" गुणवंतरावांनी त्याचा हात धरला. "अर्धीनं मुलं मरतात."

"काका, मध्ये पडू नका. हे सिद्ध झालेलं आहे. बोरकुटे, १९५३."

"मीच बोरकुटे. ते चूक होतं. मी तसं छापलंही आहे."

तो उठून उभा राहिला, हात जोडले. "सर, तुम्ही! तुमचा निबंध मला पाठ आहे. पण चूक कशी असेल? इतक्या मोठमोठ्या लोकांनी आधार घेतलाय त्याचा. तुमच्या त्या दुरुस्तीचा उल्लेख तर मी कुठेच वाचला नाही."

त्यानं गुणवंतरावांना आदरानं आपली खुर्ची दिली, आणि रांगेतल्या पुढच्या पोरासाठी गोळी मोडली.