हद्दीवरचा गाडा

बाज दवाखान्याच्या ओसरीवर टेकवली तेव्हा गौरम्माचे डोळे खोल गेले होते आणि पिंढऱ्यांत गोळे येत होते. सोबत तिची सासू दानम्मा आणि बाज उचलणारे चौघे. जगदेवी नर्सने तिची नाडी धरली, लुगड्याला लागलेलं तांदळाच्या पेजेसारखं पाणी पाहिलं आणि सलाईनची बाटली काढली. कपाटात तीनच उरल्या होत्या.

"गाव कुठलं?" डॉक्टर अनंतरावांनी दारातूनच विचारलं.

"खालची सांगवी, साहेब," दानम्मा म्हणाली.

"मग इथं का आणलंत? खालची सांगवी नांदेड जिल्ह्यात. कंधारला न्या."

"कंधार बावीस किलोमीटर हाय, साहेब. हितनं आमचं घर दिसतंय."

ते खरं होतं. वरची सांगवी आणि खालची सांगवी यांच्यामध्ये मन्याड नदीचं कोरडं पात्र, एवढंच अंतर. गेल्या पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा झाला, तेव्हा दवाखान्याचं अलीकडचं गाव त्यात गेलं आणि तिथं पेढे वाटले गेले; पलीकडचं नांदेडातच राहिलं. नदी तेव्हाही आटतच होती. आता मे महिन्यात दोन्ही गावांची पोटं वाळूत खणलेल्या एकाच झऱ्यावर होती. त्याच पात्राच्या काठाला रोजगार हमीचं काम निघालेलं. चारशे माणसं तिथं खडी फोडत, झऱ्याचं पाणी पीत आणि झऱ्याच्या वरच्या अंगालाच बाहेरच्याला बसत. त्यांना सांगायला जगदेवी दोनदा गेली. मुकादम म्हणाला, "बाई, आडोसा कुठाय? एक झाड दाखवा."

आठ दिवसांत पाच माणसं गेली होती. वरच्या गावची दोन, खालची तीन.

जगदेवीने सुई लावली आणि डॉक्टरांच्या मागोमाग आत गेली.

"साहेब, हा कॉलराच आहे. तार करा. चोवीस तासांत पथक येईल, सलाईन येईल, टँकर येईल."

"गॅस्ट्रो. उन्हाळ्यातली हगवण. तसंच लिहायचं."

"हगवणीनं माणूस सहा तासांत मरत नाही."

"सिस्टर, परवा पालकमंत्री येतायत. जिल्ह्याचं पहिलं वर्ष आहे. मी कॉलरा लिहिला तर माझी बदली इस्लापूरला होईल, तिकडं जंगलात. आणि मेलेल्यांतले तीन तर आपले नाहीतच."

"आपले नाहीत म्हणजे?"

"नांदेडचे." त्यांनी रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. "या बाईचं नाव यात चढवू नका. दुपारपर्यंत पलीकडे पाठवा."

जगदेवी बाहेर आली. तिने हात पदराला पुसले. दानम्मा सुनेच्या पायांना राख चोळत बसली होती.

"तुमीच दिलाय रोग," दानम्मा म्हणाली. "काल तुमच्या गावानं मरीआईचा गाडा आणून आमच्या हद्दीवर सोडला. वाजतगाजत. कोंबडं कापलं. आज आमची पोरं त्यो फुडच्या गावाला ढकलणार हायती. कुणी तरी घ्यावाच लागंल की, बाई."

"कुठं सोडला गाडा?"

"झऱ्यावर. तीच हद्द न्हवं का?"

जगदेवी भर उन्हात नदीत उतरली. हातभर उंचीचा लिंबाच्या लाकडाचा गाडा, त्यात शेंदूर माखलेली लाकडी आई, हिरवा खण, लिंबं. कोंबड्याची आतडी आणि दहीभात झऱ्याच्या काठाला सांडलेला, माश्यांनी काळा झालेला. तिने परवा टाकलेली ब्लिचिंग पावडर कुणीतरी पाण्याला वास येतो म्हणून उपसून टाकली होती. दोन बाया वाटीवाटीने हंडा भरत होत्या.

वर काठावर सरपंच ईश्वरप्पांचं इंजिन फटफटत होतं. त्यांच्या विहिरीचं पाणी पाटाने उसाला चाललं होतं. साऱ्या शिवारात हिरवं तेवढंच.

"आप्पा, विहीर उघडा," जगदेवी बांधावर जाऊन म्हणाली. "पंधरा दिवस. माणसं मरतायत."

"अक्का, विहीर घरची हाय. गावाला द्यायला मी काय सरकार हाय का?" ईश्वरप्पा हसले. "आन आता भ्यायचं काय? गाडा गेला, रोग बी गेला. डाक्टर पण तेच म्हनाले."

"काय म्हणाले?"

"आता जे काय हाय ते पल्याड हाय, म्हनाले."

जगदेवी पुन्हा पात्रात उतरली आणि तिने गाड्याची दोरी धरली. हंडा भरणाऱ्या बाया किंचाळून मागे सरल्या. सोडलेला गाडा परत आणायचा नसतो. आणणाऱ्याच्या मागे रोग येतो. तिने तो वाळूतून ओढला, चढावरून ओढला, बाजारपेठेतून ओढला. दुकानांच्या फळ्या पटापट पडल्या. दवाखान्याच्या दारात, बरोबर उंबऱ्यासमोर, तिने तो उभा केला.

शिपाई गुंडप्पा कुंपणावरून उडी मारून पळाला.

डॉक्टर दाराशी आले आणि तिथेच थबकले. "हे काय आहे? उचला आधी ते!"

"तुम्हीच ढकला, साहेब. तुम्हाला सवय आहे."

"सिस्टर!"

"गावाला अडाणी म्हणता. ते लाकडाचा ढकलतात, तुम्ही रजिस्टरातून ढकलता. यात फरक सांगा मला. आणि भीती वाटत नसेल तर या बाहेर, ओलांडा. लाकूडच आहे."

ओसरीवरची माणसं डॉक्टरांकडे बघत होती. डॉक्टरांनी एक पाय उचलला, पण तो पुन्हा आतच टेकवला. मग ते मागे वळले. थोड्या वेळाने बाळंतखोलीचं मागचं दार वाजलं आणि बॅग घेतलेले डॉक्टर एस.टी.च्या रस्त्याने जाताना दिसले. टेबलावर चिठ्ठी ठेवली होती: अहमदपूरला बैठक आहे.

डॉक्टर मुख्यालयी नसले की तातडीचं काम सिस्टरने बघायचं, असा लेखी नियम भिंतीवरच लावलेला होता. जगदेवीने रजिस्टर उघडलं. पाचही मेलेल्यांची नावं आणि गावं लिहिली, सहावी गौरम्मा. आजाराच्या रकान्यात कॉलरा लिहिलं. मग पोस्टात जाऊन दोन तारा केल्या, एक लातूरला, एक नांदेडला. मजकूर एकच, खाली तिची सही.

"नोकरी जाईल, बाई," पोस्टमास्तर म्हणाले.

"आधी तार जाऊ द्या."

ती परतली तेव्हा दुसरी बाटली संपत आली होती. गौरम्माने पाणी मागितलं. साखर-मीठ होतं, पण पाणी उकळायला जळण नव्हतं. सरपणासाठी दोन्ही गावांनी बोरीबाभळीसुद्धा तोडून टाकल्या होत्या. जगदेवीने गुंडप्पाची कुऱ्हाड उचलली आणि गाड्यापाशी गेली.

"आई गं, बाई, असं करू नगा!" दानम्मा धावली. ती गाड्यासमोर उभी राहिली, एकदा बाजेवरच्या सुनेकडे पाहिलं. मग वाकून तिने शेंदरी आई उचलली, खणात गुंडाळली आणि ओटीत घेतली.

"हिला ऱ्हाऊ दे माझ्यापाशी," ती म्हणाली. "किती गावं हिंडवायची. दमली आसंल ती बी."

जगदेवीने चाकावर पहिला घाव घातला. दानम्मा चुलीसाठी तीन दगड शोधायला अंगणात गेली.