पांढुर्णा नसलेला नकाशा

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो, आणि मला राग आलेला आहे. फाटकी छत्री, मोडकी खुर्ची, गंजलेली सायकल यांची आत्मवृत्तं तुम्ही शाळेत लिहिली असतील. ती सगळी बिचारी रडतात की आम्हाला कोणी जपलं नाही. माझं उलट आहे. मला सहा वर्षं फार जपलं, आणि माझ्या रागाचं कारण तेच आहे. आता नीट ऐका, मधे बोलू नका.

माझा जन्म छापखान्यातला. सगळा भारत माझ्या अंगावर छापला. रस्ते लाल, नद्या निळ्या, डोंगर खाकी, आणि पाठीला कापड चिकटवलेलं, कारण मी रस्त्यावरचा नकाशा. भिंतीवरचे नकाशे वेगळे, ते आयुष्यभर खिळ्याला लटकून पोरांच्या पट्ट्या खातात. मी गाडीच्या टाकीवर पसरला जाण्यासाठी होतो. उन्हातान्हात फिरण्यासाठी होतो. १९८३च्या दिवाळीनंतर नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवर देवीदासनं मला उचललं तेव्हा मला वाटलं, लागलं आपलं नशीब कामाला.

देवीदास पांढुर्ण्याचा, सरकारी कचेरीत कारकून. घरची कपाशी, संत्र्याची बाग, आणि त्याच्याकडे एक फटफटी. मार्गशीर्षात त्याचं लग्न ठरलं होतं. मुलगी जयवंता, सौंसरजवळच्या खेड्यातली, नत्थूजी बागवाल्यांची. लग्नानंतर तिला फटफटीवर बसवून थेट कन्याकुमारीपर्यंत न्यायचं, असं त्याच्या मनात होतं. आमच्या भागात नवरा-बायको लग्नानंतर फिरायला म्हणून कुठं जात नसत, म्हणून मला तो पहिल्या दिवशी फार आवडला. त्यानं मला पाकिटात घालून जयवंताकडे धाडलं. सोबत चिठ्ठी होती, ‘रस्ता यात आहे. कुठं कुठं थांबायचं ते तू ठरव.’

अशी चिठ्ठी लिहिणारा माणूस पुढे असा वागेल हे मला तेव्हा कळायला हवं होतं. नाही कळलं. मी कागदच शेवटी.

जयवंता कधी नागपूरच्या पलीकडे गेली नव्हती, पण रस्ता तिला माझ्याइतकाच पाठ होता. ते असं की, नत्थूजींच्या बागेत संत्री भरायला लांबलांबचे ट्रक येत. बायका पेटीत भाताचं तणस घालून संत्री लावत, आणि पेट्या भरेपर्यंत ड्रायव्हर आंब्याखाली बसत. लहानपणापासून त्यांना भाकर नेऊन द्यायचं काम जयवंताचं. भाकर हातात देण्याआधी ती प्रत्येकाला विचारायची, ‘तुमच्या रस्त्यात पाहासारखं काय हाय?’ आणि ते सांगायचे. कोणी सांगे, एका वडाच्या पारंब्यांत न्हाव्यानं दुकान मांडलंय, आरसा पारंबीलाच बांधलाय. कोणी सांगे, हैदराबादकडे हत्तीएवढे दगड एकावर एक असे उभे आहेत की तिथून जाताना आम्ही हॉर्न वाजवत नाही. पुढे एका घाटात ढग रस्त्यावर उतरतात, मग क्लीनर ट्रकच्या पुढे चालतो.

पण तिचं सगळ्यात आवडतं ठिकाण जवळचंच होतं. पांढरकवडा सोडला की रस्त्याला लागून एक चहाचं हॉटेल. त्याचा मालक म्हातारा, आणि तो चहाआधी गिऱ्हाइकाला कोडं घालतो. उत्तर बरोबर आलं तर चहा फुकट. एका ड्रायव्हरला त्यानं विचारलं होतं, ‘सगळ्याइले वाट सांगते, खुद्द एक पाऊल चालत नाही, सांग काय?’ ड्रायव्हर हरला होता. जयवंता तेव्हा बारा वर्षांची. आठ दिवस विचार करून तिनं उत्तर काढलं आणि कोणालाच सांगितलं नाही. म्हाताऱ्यालाच जाऊन सांगायचं, असं ठरवून टाकलं. माझ्यावर तिनं लाल पेन्सिलीनं नऊ ठिपके काढले, आणि त्यात पांढरकवड्याच्या खालचा ठिपका सगळ्यांत मोठा काढला.

लग्न झालं. तिसऱ्या दिवशी देवीदासनं मला घरापुढच्या छपरीत पसरलं. माझ्या चार कोपऱ्यांवर पानाचा डबा, दोन अडकित्ते आणि एक तांब्या. बायको किती हुशार आहे हे घरच्यांना दाखवायचं होतं त्याला. हौस, दुसरं काय. सगळी चूक तिथं झाली.

त्याचे वडील भगवंतराव वाकून बघू लागले. “हे लाल टिकले कायचे?”

“थांबायची ठिकाणं, बाबा. जयवंतानं काढली. कन्याकुमारीपर्यंत जाऊन राहिलो आम्ही. एकवीस दिवसाची रजा हाय.”

“जाय ना. कोण नाही म्हणते?” भगवंतराव शांतपणे म्हणाले. “पयले जामसांवलीले मारुतीचं दर्शन घ्या. मंग सोयऱ्याइच्या घरची जेवणं उरकवा. नवं जोडपं न जेवता लांब गेलं, तर मी कोणाले तोंड दाखवू?”

नव्या जोडप्याला प्रत्येक सोयऱ्यानं घरी बोलावून जेवू घालायचं, हा रिवाज. एक घर सुटलं की ते घर पुढची दहा वर्षं बोलून दाखवतं. देवीदासचे काटोलचे काका, कवडूकाका, पुढे सरकले आणि त्यांनी खिशातून निळा पेन काढला. “नकाशा हायच तर याच्यावरच आखून घेऊ.”

मित्रांनो, त्या माणसानं माझ्या अंगावर निळ्या शाईचे सतरा ठिपके मारले. बोरगाव, सौंसर, मुलताई, नरखेड, वरूड, जिथं जिथं सोयरे तिथं तिथं. काही खेडी माझ्यावर छापलेलीसुद्धा नव्हती, तर त्यांनी अंदाजानं मारले. शेवटचा ठिपका काटोलवर, स्वतःच्या घराचा. हिमालयापासून समुद्रापर्यंत सगळा देश मी अंगावर घेऊन पडलो होतो, आणि या लोकांनी वापरली ती अंगठ्याएवढी जागा. देवीदास बघत होता. एक शब्द बोलला नाही. जयवंता दाराआड उभी होती, नव्या सुनेनं बोलायचं नसतं म्हणून तीही बोलली नाही. मला मात्र त्याचाच राग आला, कारण त्याला तोंड होतं आणि बोलायची मुभाही होती.

मग सुरू झालं जेवण. पुरणपोळी, वड्याची भाजी, साडी-चोळी, टोपी-उपरणं, फोटो, ओटी. सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या. मी फटफटीच्या पिशवीत, माझ्यावर साड्यांचा ढीग. बोरगावला देवीदासची आत्या शकुबाई, जीव लावणारी बाई, पण तिनं तीन दिवस सोडलं नाही. “एक दिवस राहा ना माय. तू गेली का घर खायाले धावते,” असं रोज सकाळी म्हणायची, आणि देवीदास रोज सकाळी चपला परत काढायचा. जयवंता सोयऱ्यांच्या घरात बसून बोटांवर दिवस मोजायची. हळूच मला उघडायची, लाल ठिपक्यावर बोट ठेवायची, आणि कोणी आलं की घडी घालायची.

अठराव्या दिवशी सकाळी ते सौंसरकडून सावनेरच्या फाट्याला आले. इथून एक रस्ता नागपूरला जातो, एक काटोलला. जयवंता गाडीवरून उतरली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्याच्याशी सरळ बोलली.

“तीन दिवस हाय अजून. समुद्र राहू द्या. पांढरकवडा संध्याकाळपर्यंत येते. चहा पिऊ, उत्तर सांगू, वापस येऊ.”

देवीदास हँडल पुसत राहिला. हँडल स्वच्छ होतं. “कवडूकाकाचं जेवण राहिलं,” तो म्हणाला. “ते म्हणतील, सोळा घरं जेवले आन आमच्याच घरी नाही आले. पुढच्या वर्सी जाऊ. सांगून राहिलो ना तुले.”

मी तिच्या हातात होतो. मला वाटलं, आता ही मला त्याच्या तोंडावर फेकेल. फेकायलाच हवं होतं. तिनं माझी घडी घातली, कडा जुळवल्या, आणि गाडीवर बसली. त्या दिवशी काटोलला श्रीखंड होतं.

घरी आल्यावर तिनं मला लग्नाच्या शालूखाली ट्रंकेत ठेवलं, डांबराच्या गोळ्या टाकून. आणि मग माझं कौतुक सुरू झालं. पाहुणे आले की सासूबाई ट्रंक उघडून शालू दाखवायच्या, आणि मी दिसलो की म्हणायच्या, “आमच्या सुनेनं नकाशा पाहा कसा ठेवला. नवाकोरा.” ते कौतुक ऐकून माझं कापड जळायचं. नकाशा नवाकोरा राहतो याचा अर्थ तो कुठंही गेला नाही, एवढं त्या भल्या बायकांना कळत नव्हतं. पुढच्या वर्षी मुलगी झाली. त्याच्या पुढच्या वर्षी घराच्या छपराचे कवेलू बदलायचे निघाले. मग देवीदासच्या धाकट्या भावाचं, दादारावचं कॉलेज. ‘पुढच्या वर्सी’ हे शब्द मी ट्रंकेतून इतक्या वेळा ऐकले की मला त्यांची किळस आली.

पण एक गोष्ट घरात कोणाला माहीत नव्हती. दुपारी सगळे झोपले की जयवंता ट्रंक उघडायची. मला मांडीवर पसरायची, पांढुर्ण्यावर बोट ठेवायची, आणि बोट नागपुरावरून पांढरकवड्याला, हैदराबादला, घाटातून खाली समुद्रापर्यंत न्यायची. मग तेच बोट उचलून परत पांढुर्ण्यावर ठेवायची आणि घडी घालायची. रोज. आता माझी उभी घडी आणि आडवी घडी नेमकी पांढुर्ण्यावर एकमेकींना भेटते. कागद किती सोसणार?

१९८९च्या मार्गशीर्षात दादारावचं लग्न झालं. नवी सून आली, सुशीला तिचं नाव. तिसऱ्या दिवशी तीच छपरी, तेच अडकित्ते. शकुबाई बोरगावहून आलेली, कवडूकाका काटोलहून. कवडूकाकांनी खिशातून पेन काढला आणि म्हणाले, “जयवंता, तो नकाशा आण वं. मागच्या वक्ताले लय कामात आला.”

जयवंतानं मला आणलं. भगवंतरावांनी उघडलं, चष्मा लावला, आणि बराच वेळ बोट फिरवत राहिले. “यात पांढुर्णा कुठी हाय?”

पांढुर्ण्याच्या जागी भोक होतं. ज्वारीच्या दाण्याएवढं, पाठच्या कापडासकट. भोकातून छपरीचं शेणाचं सारवण दिसत होतं.

“उंदरानं खाल्लं काय?” कवडूकाका म्हणाले.

“नाही,” जयवंता म्हणाली. सासऱ्यांसमोर ती सहा वर्षांत पहिल्यांदा बोलत होती, आणि तिनं पदर सावरला नाही. “झिजलं ते, मामाजी. सहा वर्सं मी रोज तिथून निघाली आन रोज तिथीच वापस आली. कन्याकुमारीपर्यंत जाऊन येत होती मी, इथी ट्रंकीपाशी बसून. तुमचे सतरा निळे टिकले धड हाय, पाहा. त्याइले कोणी हात नाही लावला. आता सुशीलाचे टिकले मांडायचे तर दुसऱ्या कागदावर मांडा. हा माहा हाय.”

देवीदास खाली मान घालून त्या भोकाकडे बघत होता, आणि खरं सांगतो, त्याला रडू येत होतं तरी मला त्याची दया आली नाही. शेवटी शकुबाई म्हणाली, “पोरगी माह्यापाशी राहीन. तुम्ही जा.” भगवंतरावांनी चष्मा काढला. “जा,” म्हणाले. “दादाराव, तुम्ही बी आधी फिरून या. जेवणं मंग.” इतकं सोपं होतं ते. एका शब्दाचं काम होतं, आणि ते सहा वर्षांपूर्वी देवीदासला जमलं नव्हतं.

दोनच दिवसांनी मी फटफटीच्या टाकीवर होतो, दोन रबरांनी बांधलेला. वारा, धूळ, ऊन. मी हेच करायला जन्मलो होतो.

पांढरकवडा सोडल्यावर हॉटेल सापडलं. छप्पर होतं, भट्टी होती, बाक होता. भट्टीवर पस्तिशीचा माणूस होता. जयवंतानं म्हाताऱ्याबद्दल विचारलं.

“बाबा गेले. दोन वर्सं झाली,” तो म्हणाला.

“अन कोडी?”

“ते त्याइच्यासंगंच गेली. आम्हाले काही येत नाही.”

ती बाकावर बसली. चहा आला तेव्हा हळूच म्हणाली, “सगळ्याइले वाट सांगते, खुद्द एक पाऊल चालत नाही. मैलाचा दगड. बरोबर हाय ना?”

त्या माणसानं कपाळाला आठ्या घातल्या. “हे कोडं ते घालत होते, आठवते मले. पण उत्तर त्याइनं कोणालेच नाही सांगितलं. बरोबर आलं तर नुसते हसत होते.” मग तो म्हणाला, “राहू द्या, ताई. चहा फुकटच समजा.”

“नाही,” जयवंता म्हणाली. “बरोबर का चूक, ते सांगणारा माणूस नाही. फुकट कसा प्यायचा?” तिनं स्वतःच्या बटव्यातून पैसे काढून बाकावर ठेवले.

पुढे आम्ही खूप फिरलो. न्हाव्याचा वड रस्ता रुंद करताना तोडला होता. दगड मात्र तसेच उभे होते, आणि देवीदासनं तिथं हॉर्न वाजवला नाही. घाटात ढग आले. समुद्रही आला. कन्याकुमारीला वाऱ्यानं माझा खालचा कोपरा फाडून नेला आणि मी अजिबात हळहळलो नाही. आज माझ्यावर चहाचे डाग आहेत, तेलाचा एक मोठा डाग आहे, मधे भोक आहे. मी आता ट्रंकेत नसतो, दाराशी खुंटीला असतो.

पण त्या म्हाताऱ्याचं हसू तिला मिळालं नाही, आणि ते आता कुठल्या रस्त्यावर मिळणार नाही. तिच्या लग्नानंतरही ते चार वर्षं तिथं होतं. सावनेरच्या फाट्यापासून एका दिवसावर. म्हणून माझा राग जात नाही, मित्रांनो, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. तुमच्या घरात कोणाची ट्रंक असेल तर उघडा. तळाशी काहीतरी नवंकोरं, घडीचं, जपलेलं सापडेल. ते कोणाचं आहे ते विचारा, कुठं जायचं होतं ते विचारा, आणि तिनं सांगितलं की लगेच गाडी काढा. जेवणं मग.